जिन्याखालच्या माणसांचं पुनर्वसन कुठे होतं?

तळमजला
मंडळी, आमची लालबागची चाळ अखेर पुनर्विकासाला निघाली. चार मजली, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत), दोन पावसाळे टेकूंवर काढलेली. संमत्या झाल्या, करारनामे झाले, बिल्डरने पहिल्या वर्षाच्या भाड्याचे चेक वाटले. आता कोण डोंबिवलीला चाललंय, कोण विरारला, कोण पोरीच्या सासरी.

कोणाला किती चौरस फूट ह्याची प्रमाणित यादी जिन्यापाशी चिकटवली आहे. त्या यादीत नसलेली, पण रोज चाळीतच दिसणारी माणसं मी मोजायला लागलो. जिन्याखालचा इस्त्रीवाला. मागच्या बोळात मशीन टाकून फॉल-बिडिंग करणाऱ्या मावशी. चक्की चालवणारा (गाळा त्याचा नाही, मूळ भाडेकरू ठाण्याला असतो, पात्र तो). दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत राहून डबे करणाऱ्या काकू, त्याही पोटभाडेकरूच. ह्यातला एकही माणूस आमच्या पुनर्विकासात नाही.

प्रश्न साधा आहे. तुमच्या चाळीत, वाड्यात, गल्लीत अशी कोण माणसं होती आणि पाडकामानंतर ती नेमकी कुठे गेली? चाळीतला शेजारधर्म, गच्चीवरची कोजागिरी, गेले ते दिवस ह्यावर इथे भरपूर धागे आहेत. ते इथे नकोत, ही विनंती.

चुरमुरा
चिवडा घेऊन बसलोय. तुमच्याच गल्लीतला आहे.

ठाकूरद्वार_नाका
आमच्या गिरगावात मेट्रो तीनसाठी इमारती पाडल्या. ज्यांच्या खोल्या गेल्या त्यांच्या बातम्या भरपूर आल्या, मोर्चे निघाले, जवळच घरं द्यायचं ठरलं. आमच्या शेजारच्या इमारतीच्या ओट्यावर एक गजरेवाली बसायची. तिची सासूही तिथेच बसायची म्हणे. ओटा इमारतीचा, इमारत गेली तशी ती समोरच्या फुटपाथवर गेली. तिथे पत्रे उभे राहिले, मग पत्र्यांच्या कोपऱ्यावर. तिथून गाडीवाले उठवायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो पूर्ण सुरू झाली तेव्हा वाटलं, आता स्टेशनच्या तोंडाशी तिचा धंदा दुप्पट होईल. पण मेट्रोतून वर आलेला माणूस मोबाइलमध्ये बघत चालतो. तिचं गिऱ्हाईक म्हणजे देवळात निघालेल्या, चार मिनिटं टेकणाऱ्या बायका. त्या आता मीरा रोडला. ती शुक्रवारी आणि सणासुदीलाच येते हल्ली.

कलम_पोटकलम
अप्रिय मत मांडतो, शिव्या द्या. जिन्याखाली इस्त्री म्हणजे जिन्याखाली निखारे. लाकडी जिना, वर सगळे मीटर. ह्या माणसाने एक दिवस तरी मालमत्ता कर भरला का? चाळीचा भाडेकरू निदान पागडी (घरमालकाला एकरकमी पैसे) देऊन आलेला असतो. आमच्या आजोबांनी खोलीसाठी गावची जमीन विकली. दहा बाय बारात नऊ माणसं राहिली आणि आता कुठे स्वतःचं संडास-बाथरूम मिळतंय, तर त्यात इस्त्रीवाल्याची काळजी मीच करायची? त्याचे पैसे इतकी वर्षं कोणी खाल्ले ते विचारा. आमच्याकडे घरमालकाचा भय्या दरमहा घेऊन जायचा.

तळमजला
@कलम_पोटकलम, शिव्या कशाला, निखाऱ्यांचं खरंच आहे. पण तो पैसे देत होता हे तुम्हीच सांगताय. म्हणजे फुकट नव्हता. फक्त पावती नव्हती.

डब्याची_वही
मी पहिल्यांदाच एवढं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी एक सांगते. चाळ पाडली ह्याचं मला काडीचं दुःख नाही. रात्री संडासला जायचं तर आईला उठवायला लागायचं, आणि पाळीच्या दिवसांत काय हाल व्हायचे ते बायकांनाच विचारा. चाळीच्या आठवणीत रमणारे लोक मला तरी सगळे पुरुषच भेटले आहेत.

माझी आई करी रोडला खानावळ चालवायची. बोर्ड वगैरे नाही. आमच्याच खोलीत, दोन पंगतींत. जेवणारे सगळे गिरणीवाले, बहुतेक सातारा-कोल्हापूरकडचे, थोडे आमच्या राजापूरचे. ते गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. पहिल्या पाळीचे उठले की रातपाळीचे त्याच वळकटीवर आडवे. जेवण आमच्याकडे. पगार झाला की हिशेब. आई एका लांब वहीत लिहायची: नाव, गाव, गिरणी, खातं, खाडे किती. खातं का लिहायची? तर नावं सारखीच. तीन-तीन पांडुरंग असायचे. मग साचेखात्याचा पांडुरंग, कार्डिंगचा पांडुरंग.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न. आई उधारीवर जेवायला घालत राहिली. मग एकेक जण ‘जरा गावाला जाऊन येतो’ म्हणून गेला. तांदूळवाल्याचं देणं आईच्या डोक्यावर राहिलं, ते तिने पाटल्या विकून फेडलं. काही जणांनी पुढे पैसे आणून दिले, बरेच परत दिसलेच नाहीत. आईने त्यांना कधी दोष दिला नाही असं मी म्हणणार नाही. भरपूर शिव्या दिल्या.

पुढची गोष्ट मात्र ह्या धाग्याची आहे. गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली तेव्हा अट होती की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर असायला हवं. पुरावा द्या. तर एक दिवस एक म्हातारा मुलाला घेऊन आमच्या दारात. बदली कामगार होता, म्हणजे कायम नाही, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी. गिरणीचं तिकीट हरवलेलं, फंडाचे कागद गावच्या घरात पुरात गेलेले. त्याला आठवत होतं की बाईंच्या वहीत आपलं खातं लिहिलेलं असायचं. वही पोटमाळ्यावर होती! नाव, गिरणी, खातं, १९८१ चे खाडे, सगळं. तो इतका खूष झाला की आईला वाटलं आता हा उधारीही देईल. (नाही दिली.) कचेरीत त्यांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. त्यांना हवं हजेरीपट, तिकीट, विम्याचं कार्ड, फंडाची स्लिप. खानावळीची वही हा पुरावा होत नाही.

आणि ज्या बाईने ती वही लिहिली, तिला तर अर्जच करता येत नव्हता. दोन गिरण्यांची माणसं जेवू घातली, पण पटावर कुठल्याच नाही.

चुरमुरा
@डब्याची_वही, चिवडा बाजूला ठेवला. अजून लिहा.

तिसरी_पाळी
वही सांभाळून ठेवा, ताई. कुठल्यातरी अभ्यासकाला तिची किंमत कळेल.

घरांचा विषय निघालाच आहे तर: २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं, २०२० मध्ये बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरची ३,८९४. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. वडील त्यात आहेत. आता मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवर शेलू-वांगणीला घ्या म्हणतात. वडील म्हणतात, वांगणीच्या पुढे दोन तास गेलं की आपलं गावच आलं, मग तिथेच मरतो की.

मात्र एक दुरुस्ती. खानावळवाल्यांकडे कोणीच बघितलं नाही असं नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच बायकांसाठी. सावकाराकडून आणि वाण्याकडून उधारीवर चालणाऱ्या ह्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींची हमी. म्हणजे ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचा कागद तयार करता येतो, कोणी मागे लागलं तर.

डब्याची_वही
हो, आमच्या मागच्या गल्लीतल्या दोघी होत्या मंडळात. आई गेली नाही. बँकेत सही करायची म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा.

पागडीपंडित
भावना बाजूला ठेवून थोडं कायद्याचं, कारण @तळमजला यांना उपयोग होईल.

उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली होतो. ५१ टक्के संमती लागते. प्रत्येक पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट. अनिवासी असेल त्याला त्याच्या आहे त्या जागेएवढी जागा. भाडेकरू वा रहिवासी म्हणून १३ जून १९९६ ही मर्यादेची तारीख. पागडीला भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५६ ने मान्यता दिली, त्यामुळे पागडीवाले सुरक्षित.

आता जिन्याखालचा माणूस. तो आपोआप बाद होत नाही, बाद होतो तो कागदाअभावी. त्याच्याकडे १९९६ पूर्वीचं काही आहे का? जुनं वीजबिल, दुकाने-आस्थापना परवाना, घरमालकाच्या हातची चिठ्ठी, काहीही? असेल तर यादी चिकटल्यावर हरकत घेता येते. चक्कीवाल्याचं कठीण आहे, कारण मूळ भाडेकरू हयात आहे आणि त्याचा हक्क तो सोडणार नाही. फार तर दोघांत समझोता. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत जिथे बिल्डरने पोटभाडेकरूला काही रक्कम देऊन प्रश्न मिटवला. औदार्य नव्हे, ताबा लवकर हवा असतो. म्हणजे ताबा सोडायच्या आधी बोलणं करायचं, नंतर नाही.

कलम_पोटकलम
म्हणजे अडवून पैसे काढा, असंच ना?

पागडीपंडित
तुमच्या चाळीतल्या भाडेकरूंनी बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस फंड (पुढच्या देखभालीसाठीची रक्कम) कसा वाढवून घेतला, साहेब?

कलम_पोटकलम
😄 पास.

काचेतला
मी ‘तुमची’ वस्ती बिघडवणाऱ्यांपैकी एक. लोअर परळला एका काचेच्या इमारतीत नोकरी, मूळचा नांदेडचा. आल्याआल्या दलालाने मला अप्पर वरळीत (लोअर परळचंच जाहिरातीतलं नाव) फ्लॅट दाखवतो म्हणून नेलं. भाडं ऐकल्यावर कळलं की ‘अप्पर’ कशाला म्हणतात. आता ऐरोलीहून येतो.

प्रभादेवी स्टेशनच्या बाजूला (माझ्या साहेबांच्या भाषेत अजूनही एल्फिन्स्टन) एक बाई पोहे-उपमा विकतात, चारपाच वर्षं त्यांच्याकडेच नाश्ता. एकदा विचारलं, कुठून येता? नालासोपारा. आणि मूळच्या? तर समोर बोट केलं, जिथे आता मॉल आहे त्याच्या मागची चाळ. लग्न होऊन गेल्या, मग माहेरची खोली भावाने विकली. म्हणजे त्या ह्या वस्तीच्या, पण रोज पहाटेच्या गाडीने पाहुण्यासारख्या येतात, आणि मी परका असून मला ओळखपत्र दाखवलं की दार उघडतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथला जुना पूल बंद झाला, तेव्हा त्यांचं निम्मं गिऱ्हाईक गेलं. परळच्या बाजूने रुग्णालयांत जाणारे लोक त्यांच्यासमोरून जायचे, ते आता वळसा घालून दुसरीकडून जातात. पूल १९१३ चा होता, धोकादायक होता, पाडायलाच हवा होता, मान्य. मी फक्त धंद्याचं सांगतोय.

चुरमुरा
अप्पर वरळीवरून आठवलं, काळाचौकीच्या एका जाहिरातीत ‘दक्षिण मुंबईच्या उंबरठ्यावर’ असं वाचलंय. उंबरठा बराच लांब होता.

ठाकूरद्वार_नाका
गिरगावला आता जाहिरातीत ‘चर्नी रोड पूर्व’ म्हणतात, तुम्ही काय घेऊन बसलात.

वाड्याचा_बोळ
पुण्याहून. सदाशिवात आमचा वाडा होता, दिंडी दरवाजाच्या आत उजव्या हाताला एक सायकल दुरुस्तीवाले बसायचे. भाडं नाही. वाड्यातल्या सगळ्यांच्या सायकली फुकट, बाहेरच्यांकडून पैसे, असा तोंडी करार, तोही आमच्या पणजोबांनी केलेला. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा सोसायटीने त्यांना वॉचमन म्हणून ठेवलं. तेव्हा आम्हाला फार भारी वाटलं, बघा आम्ही कसे माणुसकीवाले. पंक्चर काढणारा, चेन बसवणारा, स्वतःचा मालक असलेला माणूस खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहायला लागला. आमच्या लिफ्टचा आवाज बिघडला की ते ऐकूनच सांगायचे काय झालंय, पण हात लावायची परवानगी नव्हती. दोनेक वर्षांत गावी गेले.

कलम_पोटकलम
मग काय करायला हवं होतं? सायकली तरी कोणाकडे उरल्या होत्या?

वाड्याचा_बोळ
नव्हत्याच. प्रश्न बरोबर आहे. वाडा पडला नसता तरी त्यांचा धंदा संपलाच असता. पण पार्किंगमध्ये एक कोपरा दिला असता तर पंपाने हवा भरून, दुचाकीची किरकोळ कामं करून त्यांनी त्यांचं बघितलं असतं. पगार नको होता त्यांना. कोपरा हवा होता.

एकशेसाठ_फूट
वरळीच्या बीडीडी चाळीतला. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ चाव्या दिल्या, त्यात आमची. १६० फुटांतून ५०० फुटांत. आजी नवीन घरात पहिल्या रात्री झोपलीच नाही, म्हणाली भिंत सापडत नाही. बीडीडी सरकारी जमिनीवरची असल्यामुळे आमच्याकडे निदान स्टॉलवाल्यांची पात्रता वेगळी तपासली. सगळे बसले नाहीत त्यात, पण त्यांचा एक रकाना तरी होता. खासगी चाळीत तो रकानाच नाही, हा फरक लक्षात घ्या.

आणि एक उलटी गोष्ट, कारण इथे सगळंच रडगाणं चाललंय. आमच्या चाळीत मासे घेऊन येणाऱ्या एक कोळीणबाई, वरळी कोळीवाड्यातल्या. चाळीत प्रत्येक मजल्यावर पाटी उतरवायच्या, अर्धा तास घासाघीस, एखादी बाई ‘आज नको’ म्हणाली की तिच्या सात पिढ्या. टॉवरमध्ये त्यांना पाटी घेऊन लिफ्टमध्ये घेईनात. वासाची तक्रार. तक्रार करणारे कोण, तर आमच्यातलेच, काल चाळीत बोंबील वाळत घालणारे! तर त्यांच्या सुनेने सगळ्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. सकाळी फोटो, भाव लिहिलेला, घासाघीस बंद, दहा वाजता गेटवर पिशव्या तयार. धंदा वाढलाय. आई मात्र वैतागली आहे, भाव करता येत नाही म्हणून.

डब्याची_वही
घासाघीस बंद म्हणजे निम्मी मजा गेली. पण त्या बाईंचे गुडघे वाचले, तेही बघा.

तिसरी_पाळी
अवांतर: वाळत घातलेल्या बोंबलांवरून चाळीत जेवढी भांडणं झाली तेवढी पाण्यावरूनही नाही.

चुरमुरा
अवांतराला अवांतर: बोंबील वाळत होते तिथेच मसाल्याच्या मिरच्याही. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मिरची गल्लीतून शिंकल्याशिवाय पलीकडे गेलेला माणूस दाखवा, मसाला कुटून देतो. तिथली मसाला कुटायची डंखं अजून चालू आहेत आणि ठाणे-कल्याणला गेलेल्या आमच्या सगळ्या मावश्या वर्षाचा मसाला करायला तिथेच येतात. म्हणजे काही धंदे गिऱ्हाईकाला परत ओढून आणतात. इस्त्रीचं तसं होणार नाही, शर्ट घेऊन विरारहून कोण येईल.

तळमजला
सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत काय झालं ते सांगतो.

पागडीपंडितांचं वाचून इस्त्रीवाल्याशी बोललो. त्याच्याकडे १९९६ पूर्वीचं काहीही नाही. वडिलांकडे एक चिठ्ठी होती, ती कुठल्यातरी गणपतीत झाडलोट करताना गेली. मी म्हटलं, बिल्डरकडे रक्कम मागू या. तो हसला. त्याचं गणित मला माहीतच नव्हतं. आमच्या चाळीचे कपडे त्याच्या धंद्याचा लहानसा भाग आहेत. खरा धंदा समोरच्या दोन टॉवरचा. तिथे त्याला वर सोडत नाहीत, पोऱ्या जाऊन गेटवरून गाठोडी आणतो, सिक्युरिटीवाल्याला महिन्याला चहापाणी जातं. जिन्याखाली बसून तो टॉवरच्याच चादरी करत होता! कोळशाची इस्त्री त्याने कधीच सोडली, गॅसवरची आहे. (@कलम_पोटकलम, निखारे नाहीत, सिलिंडर आहे. तुम्हाला बरं वाटेल की वाईट, माहीत नाही.)

त्याचं म्हणणं असं: पैसे नकोत असं नाही, पण त्याहून जागा हवी. चालत जाता येईल अशा अंतरावर सहा बाय चार, डोक्यावर पत्रा, कायदेशीर वीज. भाडं देईन, पावती द्या. ह्या वेळी पावती हवीच. टॉवर होईपर्यंत तो मामेभावाच्या टेबलावर अर्धा दिवस उभा राहणार आहे, भोईवाड्याला. चारपाच वर्षांनी आपण परत आलो की त्याला आत घ्यायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

डबेवाल्या काकूंनी खोली बघितली, घाटकोपरला. फॉलवाल्या मावशी म्हणाल्या, मशीन विकते, डोळे गेलेच होते. चक्कीवाला अजून मूळ भाडेकरूशी बोलतोय.

कमिटीत मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही. पुढच्या सभेत लेखी द्या. तर आता सांगा, लेखी काय देऊ?

काचेतला
आमच्या ऑफिसच्या इमारतीत तळघरात ‘लाँड्री सेवा’ आहे, कंत्राट दिलंय. शर्टाचे दर ऐकून मी घरीच इस्त्री करतो. सोसायटीला सांगा, नाही तर उद्या ॲपवाला येईल आणि तिप्पट घेईल. लोकांना दर कळतो.

पागडीपंडित
ठरावाचा मसुदा देतो, गरजेप्रमाणे बदला:

‘नियोजित इमारतीत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी मिळणाऱ्या जागेपैकी तळमजल्यावर अंदाजे २४ चौरस फूट जागा सदस्यांच्या इस्त्रीसेवेसाठी ठेवावी, ती मंजूर नकाशात दाखवण्याबाबत विकासकास कळवावे, आणि इमारत वापरात आल्यावर ती सध्या सेवा देणाऱ्या व्यक्तीस प्राधान्याने, दरमहा शुल्क व पावतीसह, अकरा महिन्यांच्या परवान्याने द्यावी.’

नकाशात दाखवण्याचं वाक्य काढू नका. नकाशात नसेल तर नंतर अग्निशमनवाले उठवतील आणि कोणालाच काही बोलता येणार नाही. सिलिंडरऐवजी विजेची इस्त्री चालेल का, तेही त्याला आत्ताच विचारा.

तिसरी_पाळी
मी असतो तर ‘गेली अनेक वर्षे चाळीची सेवा केल्यामुळे, मानवतेच्या दृष्टीने’ असं एक वाक्य सुरुवातीला टाकलं असतं.

कलम_पोटकलम
अजिबात नको. मी कमिटीत बारा वर्षं काढली आहेत. मानवता वाचली की लोक म्हणतात, मग वॉचमनला का नाही, झाडूवालीला का नाही, आणि सभा तिथेच संपते. ‘सदस्यांच्या सोयीसाठी’ एवढंच लिहा आणि शर्टामागे दर किती ते लिहा. सुचवणारा आणि अनुमोदन देणारा वेगवेगळ्या मजल्यांवरचा घ्या. शक्यतो जो नेहमी विरोध करतो त्यालाच अनुमोदक करा.

चुरमुरा
म्हणजे प्रत्येक चाळीत एक कलम_पोटकलम असतोच तर.

तळमजला
आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आहे. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातो. त्यांचे शर्ट कडक लागतात, तेवढी एक आशा आहे. चक्कीचं काही ठरलं की इथे लिहीन.